सहा पिवळी हेल्मेटं आणि एक निळं

लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, घोड्यावर बसून फोटो काढतात आणि स्ट्रॉबेरीचं क्रीम मिशांना लावून परत येतात. मी पालघर-बोईसरला गेलो, रोजगार बघायला. आमच्या सोलापुरात एके काळी रोजगार फार होता म्हणतात. गिरण्या होत्या, भोंगे होते, भोंग्यावर लोक घड्याळं लावायचे. पुढे भोंगे बंद पडले आणि घड्याळं स्वस्त झाली. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात रोजगार अजून जिवंत आहे, इतकंच नव्हे तर वाढतो आहे, असं कुणी सांगितलं की गीरचे सिंह बघायला निघाल्यासारखा उत्साह येतो.

निमित्त होतं भाषणाचं. माझा जुना विद्यार्थी संदीप बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मनुष्यबळ अधिकारी आहे. पूर्वी या खात्याला टाइम ऑफिस म्हणत. आता माणसांना बळ आल्यामुळे नाव बदललंय. त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, पालघरला उद्योग-रोजगार मेळावा आहे. प्रादेशिक अर्थव्यवस्थेवर कुणीतरी बोलायला हवं. मोठी माणसं बिझी असतात, तुम्ही मोकळेच असता." शेवटचं वाक्य त्याने आदरानेच म्हटलं असावं. मी आढेवेढे घेण्याआधीच आमच्या सौभाग्यवतींनी बॅगेत शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकऱ्या भरल्या. घर चार दिवस शांत राहणार याचा त्यांना इतका आनंद झाला, की चटणी नेहमीपेक्षा दुप्पट निघाली.

पालघर

पालघर जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून गावाला एक रुबाब आलाय. सरकारी इमारती एवढ्या ऐसपैस आहेत की अर्ज द्यायला आलेला माणूस आत चालता चालता अर्ज कशासाठी होता तेच विसरावा. स्टेशनाबाहेर पडलो तर चौकाचौकात मेळाव्याचे फलक. प्रत्येक फलकावर एक पोरगा आणि एक पोरगी डोक्यावर हेल्मेट घालून आकाशाकडे बघून हसत होती. तोच पोरगा आणि तीच पोरगी सगळ्या फलकांवर होती, याकडे तेव्हा मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

संदीपची गाडी यायला वेळ होता म्हणून बाजारात शिरलो. सुक्या बोंबलाच्या ढिगामागे एक कोळीणबाई बसली होती, नाकात नथ आणि हातात मोबाइल. आमच्याकडे मासळी म्हणजे बर्फात निजलेला उजनीचा चिलापी. इतका सुका, इतका ताठ आणि इतका वास असलेला मासा मी जवळून पाहिला नव्हता. विषय काढावा म्हणून मी विचारलं, "बंदर येणार म्हणे इकडे. नोकऱ्या मिळतील पोरांना."

"मिलतील ना," ती म्हणाली. "वॉचमनच्या."

"म्हणजे?"

"आमची बोट जिथं लागते तिथं गेट व्हनार. आमचाच पोरगा गेटावर उबा रानार, आनी आमालाच आत सोडनार नाय. नोकरी हाय की. किती देऊ बोंबील?"

तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. बोंबील घेतले. हे बोंबील पुढे संदीपच्या गाडीच्या डिकीत पसरले आणि परत जाईपर्यंत त्या गाडीचा वास गेला नाही, हा या प्रवासातला पहिला अपघात.

बोईसर

बोईसर डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. एका वळणावर सडक्या अंड्यासारखा, पुढच्या वळणावर गोडसर, त्याच्या पुढे डोळ्यांत झोंबणारा. मी रुमाल काढला तसा संदीप हसून म्हणाला, "सर, हा प्रगतीचा वास." मी म्हटलं, "मग प्रगतीला कधीतरी आंघोळ घाला." तो पुन्हा हसला. त्याला आता विद्यार्थी असल्याची सवय राहिली नव्हती, पण हसायची होती.

वसाहतीच्या नाक्यावर चहाच्या टपरीपाशी सकाळी माणसांचा बाजार भरतो. कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं, कुणी जव्हार-विक्रमगडकडचं. ठेकेदाराची जीप येते, बोटाने माणसं निवडते आणि निघून जाते. चहावाला गोरखपूरचा. त्याला विचारलं, इकडे काम कसं आहे? तो म्हणाला, "काम की कमी नहीं है साहब. रोज नया आदमी लगता है." मला फार बरं वाटलं. रोज नवा माणूस लागतो म्हणजे रोज नवी नोकरी. हे वाक्य मी भाषणासाठी टिपूनही घेतलं.

कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षकाने मला पाहुण्याचा बिल्ला दिला, छातीवर लावायला लावला. माझ्या मागे आणखी एक माणूस उभा होता. तिशी ओलांडलेला, सडपातळ, हातावर रंगाचे जुने डाग, पायात घरून आणलेले सेफ्टी बूट. त्यालाही पाहुण्याचा बिल्ला मिळाला. मी म्हटलं, "तुम्हीपण कारखाना बघायला?"

"नाय," तो म्हणाला. "दुरुस्त कराया."

संदीपने ओळख करून दिली. "सर, हा रमेश. आमच्या प्लांटचा प्राण. दोन नंबरचा रिअ‍ॅक्टर याच्याशिवाय ऐकतच नाही."

"किती वर्षं आहे इथे?"

"अजून लागायचाय सर," संदीप म्हणाला. "पुढच्या आठवड्यात जॉइन होतोय. नवीन आहे."

प्लांटचा प्राण नवीन कसा, हे विचारायला मी तोंड उघडलं, पण रमेश तोवर आत गेलाही होता. नंतर पाहिलं तर दोन नंबरच्या रिअ‍ॅक्टरभोवती चार-पाच पोरं हात बांधून उभी होती आणि हा पाहुणा त्यांना सांगत होता की कुठला कॉक आधी सोडायचा. तासाभरात मशीन सुरू झालं. पाहुण्याने हात धुतले, बिल्ला परत केला आणि निघाला. माझा बिल्ला मात्र शर्टाला असा अडकला की सुरक्षारक्षकाला कात्री आणावी लागली.

नंतर नाक्यावरच्या टपरीवर रमेश पुन्हा भेटला आणि चहा पिता पिता कोडं उलगडलं. रमेश सध्या ब्रेकवर होता. बोईसरमध्ये ब्रेक म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगतो. ठेकेदाराकडचा माणूस काही महिने सलग कामाला असला की त्याला थोडे दिवस घरी बसवतात. मग तोच माणूस दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, त्याच मशीनवर, नव्याने लागतो. सलग नोकरी झाली तर उद्या हा कायम करा म्हणेल; मधे खंड पडला की तो जन्मभर ताजा राहतो. आमच्याकडे शिळी भाकरी कुस्करून, फोडणी देऊन ताजी करतात, तसंच.

"मग ब्रेकमध्ये मशीन बंद पडलं तर?" मी विचारलं.

"म्हून तर पावना होतो ना," रमेश म्हणाला. त्यात त्याला फार विनोदी काही वाटत नसावं. "नवा लागलो की पयल्या दिवशी टरेनिंग आसतं. नव्या मानसांना मशीन शिकवाचं."

"कोण शिकवतं?"

"मीच."

"आणि शिकणारा?"

"त्यातबी मी आसतो."

सोलापूरहून आलेला म्हातारा मशीनपेक्षा आपल्याकडे जास्त टक लावून बघतोय, याची त्याला गंमत वाटली असावी. निघताना म्हणाला, "ब्रेक हाय तवर या घरी. परत नोकरी लागली की वेल नाय गावत." रोजगार मिळाला की वेळ संपतो, म्हणून बेरोजगारीत पाहुणचार उरकून घ्यायचा, हा हिशोब मला पटला.

मनोरच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून निघालो. बोईसर मागे पडलं तसा वास उतरत गेला आणि डोंगर चढत गेले. होळी होऊन गेली होती. पळस अजून पेटलेला होता आणि मोहाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. मनोरला महामार्ग लागतो, त्याच्या बऱ्याच अलीकडे कच्च्या रस्त्याला वळलो आणि वारल्यांच्या एका पाड्यावर येऊन थांबलो. कुडाची घरं, शेणाने सारवलेली अंगणं, आणि एका अंगणात नव्या मांडवासाठी आणून टाकलेले बांबू. तेच रमेशचं घर.

आत शिरलो आणि पहिली नजर भिंतीकडे गेली. खुंट्यांना पिवळी हेल्मेटं टांगली होती. एकात लसूण, एकात बियाणं, एकात पोरींची रिबनं-कंगवे. चौथं पाण्याच्या माठावर झाकण म्हणून होतं. पाचव्यात, खाली कोपऱ्यात, एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि मी जवळ जाताच तिने असा आवाज काढला की मी दोन पावलं मागे सरलो. सहावं धाकट्या पोरीच्या डोक्यावर होतं. त्यात तिचं अख्खं तोंड बुडालं होतं.

"घरात एवढे कामगार?" मी विचारलं.

"येकच," चुलीपाशी बसलेली बाई म्हणाली. ही सुमित्रा, रमेशची बायको. "दर टायमाला नवं देतात. जुनं परत घेत नाय. बरं हाय, टोपल्या घ्याया लागत नाय."

मी त्या भिंतीकडे बघत राहिलो. प्रत्येक हेल्मेट म्हणजे एक नवी नोकरी. मी आयुष्यभर वर्गात रोजगारवाढीचे आलेख काढले, वर चढणाऱ्या रेघा काढल्या. रोजगारवाढ अशी खुंटीला टांगलेली, लसणासकट, पहिल्यांदाच पाहिली. एक माणूस, एक मशीन, आणि मेळाव्यातल्या आकड्यांत सहा तरुणांना रोजगार. फलकावरचा पोरगा सगळीकडे तोच का होता, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण, आणि माझीच शेंगाचटणी. सुमित्राने चटणी चाखली आणि म्हणाली, "शेंगदाने चांगले व्हते, कुटून कशाला टाकले?" मी हे घरी सांगितलेलं नाही.

जेवताना बांबूंचा विषय निघाला. "मांडव कुणाच्या लग्नाचा?"

दोन्ही पोरी खुसखुसल्या. थोरली मनीषा म्हणाली, "आई-बाबाचा."

माझ्या चेहऱ्यावर जे काही आलं असेल ते बघून सुमित्राला हसू आवरेना. मग तिनेच समजावलं. त्यांच्यात दोघांनी एकत्र राहायला लागावं, संसार करावा, पोरं व्हावीत, याला कुणाची हरकत नसते. लग्न लावायचं म्हणजे धवलेरी बोलवायची, म्हणजे लग्न लावणारी गाणारी म्हातारी. भिंतीवर देवचौक, म्हणजे लग्नातलं देवाचं चित्र, लिहायचा, गावजेवण घालायचं, तीन-तीन दिवस. ते ज्याला जेव्हा झेपेल तेव्हा. "बारा पावसालं झालं मी हितं हाय," ती म्हणाली. "लगीन तेवडं ऱ्हायलं."

आमच्याकडे याच्या बरोबर उलटं. आधी कर्ज काढून लग्न, हॉल, घोडा, ड्रोन कॅमेरा. संसार झेपतो का ते मग बघायचं. आणि आमची पोरं आईबापांच्या लग्नाचा अल्बम बघून रडतात, मी कुठे आहे, मला का नाही बोलावलं? या घरात तो प्रश्नच निकालात निघाला होता. मनीषा करवली होणार होती. तिचा परकर आणून ठेवलाही होता, तो तिने मला दोनदा दाखवला.

"मग इतकी वर्षं का थांबलात?"

यावर रमेश बोलला. "ब्रेक आसला की वेल आसतो, पैसा नाय. कामावर आसलो की पैसा आसतो, रजा नाय. नव्या मानसाला रजा नसते. मी कायम नवा." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "पन आता संदीपसायब बोलले, या टायमाला निलं."

निळं हेल्मेट म्हणजे कंपनीचा कायम माणूस. पिवळं म्हणजे ठेकेदाराचा. शनिवारी मेळाव्यात स्टेजवर हेल्मेटं वाटणार होते. त्यात रमेशला निळं मिळेल असं संदीपने सांगितलं होतं. त्याच्या भरवशावर सोमवारचं लग्न ठरलं होतं. निळं मिळालं की रजा, रजा मिळाली की तीन दिवसांचं लग्न पुरतं पार पडणार. सगळा मांडव त्या एका हेल्मेटावर उभा होता.

आता दुसरा अपघात. दुपारी रमेशच्या शेजाऱ्याने ताडी आणली. पांढरी, गारेगार. सोलापूर स्टेशनवर नीरा पिणारा मी माणूस. मला वाटलं तीच ही. सकाळची ताडी निरुपद्रवी असते आणि दुपारची नसते, हे मला तीन पेले झाल्यावर कुणीतरी सांगितलं. तोवर मी उभा राहून दोन्ही पोरींना भांडवलनिर्मिती समजावून देत होतो. मग मी रमेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "संदीप माझा विद्यार्थी आहे. मी सांगतो त्याला. निळं हेल्मेट मी स्वतः माझ्या हाताने तुझ्या डोक्यावर ठेवीन."

रमेशने माझ्या हातातला पेला काढून घेतला. सुमित्रा माझ्याकडे बघत होती. तिने त्या शब्दावर विश्वास ठेवला, हे मला ताडी पोटात असतानाही दिसलं.

पुन्हा बोईसर

संध्याकाळी डोकं ठणकत होतं तरी मी संदीपकडे विषय काढला. तो म्हणाला, "सर, शंभर टक्के. फाइल वर गेलीय."

"वर म्हणजे कुठे?"

"वरच."

मी आयुष्य महाविद्यालयात काढलंय. फाइल वर जाते तेव्हा ती कुठे जाते हे मला कळायला हवं होतं. पण शंभर टक्के हा शब्द असा आहे की त्यावर रात्रीची झोप छान लागते.

मेळावा

शनिवारी पालघरच्या सभागृहात माणसं मावत नव्हती. निम्मे नोकरी मागायला आलेले, निम्मे नोकरी देणारे, आणि देणाऱ्यांच्या टेबलांवर फुकट पेनं ठेवलेली. मागणाऱ्यांनी निदान तेवढी तरी नेली. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि चौकटीत बसवलेलं वारली चित्र. मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून गोल फिरणारी माणसं. त्यांना मोजायला गेलो तर सुरुवात कुठून केली ते विसरायला व्हायचं आणि तोच माणूस दोनदा मोजला जायचा. एकूण भेटवस्तू विषयाला धरून होती.

माझं भाषण आधी झालं. मी बदलते औद्योगिक प्रवाह, किनारपट्टीच्या संधी, मजुरीची लवचिकता वगैरे बोललो. चहावाल्याचं ते वाक्यही मोठ्या आवाजात म्हटलं, की इथे रोज नवा माणूस लागतो. उपरोधाने म्हटलं होतं. टाळ्या खऱ्या पडल्या.

मग वाटप. "आजपासून नव्याने रोजगार मिळालेले आपले भूमिपुत्र!" असं म्हणून निवेदिकेने नावं पुकारली. प्रमुख पाहुण्यांनी पहिल्या दोघांना हेल्मेट दिलं, फोटो काढला, आणि त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणून ते गेले. उरलेली जबाबदारी, अर्थातच, मोकळ्या माणसावर आली. खोक्यातून हेल्मेट काढायचं आणि माणसाच्या डोक्यावर ठेवायचं.

चौथ्या रांगेत सुमित्रा बसलेली दिसत होती, दोन्ही पोरींना घेऊन. पोरींना लग्नाचेच परकर नेसवले होते. रमेश इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर आला. मी खोकं उघडलं.

पिवळं होतं.

मला वाटलं खोकं बदललं असेल. मी वाकून दुसऱ्या खोक्यात बघितलं. तेही पिवळं. सगळीच पिवळी होती. स्टेजच्या कडेला संदीप उभा होता आणि मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होता. फोटोवाला ओरडला, "सर, इकडे बघा, हसा!" मी शब्द दिला होता की हेल्मेट माझ्या हाताने ठेवीन. तो शब्द मी पाळला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रमेशने हेल्मेट नीट बसवून घेतलं. सवय होती. निवेदिकेने माइक पुढे केला. "किती आनंद झालाय बघा यांना! दादा, ही तुमची पहिलीच नोकरी ना?"

काय म्हणायचं ते सगळ्यांना आधी शिकवून ठेवलं होतं. रमेशने एकदा सुमित्राकडे पाहिलं.

"नाय," तो म्हणाला. "सातवी."

"अरे वा! अनुभवी! आधी कुठे होतात?"

"हितंच. त्याच मशीनवर."

सभागृहात मागे कुठेतरी हशा पिकला. मग आणखी काही जण हसले, आणि ते हसणं ऐकून मला कळलं की मागे बसलेल्यांत बरेच जण त्याच्यासारखे नवे होते. निवेदिका हुशार होती, तिने चटकन "जोरदार टाळ्या!" म्हणून पुढचं नाव पुकारलं.

कार्यक्रम संपल्यावर सभागृहामागे मी संदीपला गाठलं. मी वर्गात कधी आवाज चढवला नव्हता, तो तिथे चढवला. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "सर, फाइल खाली आली परत. या वर्षी कुणालाच नाही. आणि मला काय ओरडता? माझंही वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे. जूनमध्ये संपतंय." मनुष्यबळ अधिकाऱ्याला स्वतःचं बळ जूनपर्यंतच होतं.

तेवढ्यात ती चौघं आली. संदीपने रमेशच्या खांद्यावर थाप मारली. "स्टेजवरचं जाऊ दे, मी सांभाळून घेतो. तुझ्याशिवाय रिअ‍ॅक्टर चालत नाही. मंगळवारी फर्स्ट शिफ्टला ये." मग जरा आवाज उतरवून तो सुमित्राला म्हणाला, "वहिनी, लग्न तेवढं पुढे ढकला. नव्या माणसाला रजा देता येत नाही. कायम झाला की जोरात करू."

सुमित्राने रमेशच्या हातातलं हेल्मेट घेतलं, उलटं करून आत बघितलं, जसं भांडं विकत घेताना बघतात.

"तुमच्या भरवशावर ऱ्हायलो तर माज्या पोरीच्या मांडवात माजं लगीन लागंल," ती म्हणाली. "सोमवारीच हाय. तुमी पन या."

पाडा

माझं परतीचं तिकीट रविवारचं होतं. ते मी रद्द केलं. घरी फोन केला तर पलीकडून "सावकाश या" असं इतक्या प्रेमाने सांगण्यात आलं की मी तो विषय वाढवला नाही.

सोमवारी मांडव उभा होता, आंब्याच्या डहाळ्या लावलेल्या. आतल्या भिंतीवर बायकांनी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहिला होता. त्यासाठी खुंट्या मोकळ्या कराव्या लागल्या होत्या, त्यामुळे हेल्मेटं अंगणात आली होती. एकात हळद कालवली होती, एकात विड्या आणि सुपाऱ्या. कोंबडीला मात्र कुणी उठवलं नव्हतं. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला ब्रेक देता येत नाही.

धवलेरी आली. पाठीत वाकलेली, आवाज मात्र डोंगरापलीकडे जाणारा. ती गायला लागली तसं सगळं अंगण गप्प झालं. आमच्याकडे मंगलाष्टकं सुरू झाली की लोक चपला शोधायला लागतात. इथे कुणी जागचं हललं नाही. मनीषा परकर सावरत आईच्या मागे करवली म्हणून उभी होती, आणि धाकटी बापाच्या कडेवर बसून त्याच्याच लग्नाचं गाणं ऐकत होती. मला अक्षता हव्या होत्या. कुणीतरी समोर धरलं ते सातवं हेल्मेट होतं, मीच ठेवलेलं, तांदळांनी भरलेलं. मी मूठभर घेतल्या. टाकताना डोळे भरून आले, ते ताडीने नाही. या वेळी मी ताडी सकाळीच आणि एकच पेला घेतली होती.

संदीपही आला, एकटा. मागे उभा राहून त्याने अक्षता टाकल्या आणि न जेवता जाऊ लागला. सुमित्राने त्याला जाऊ दिलं नाही. पानावर बसवलं आणि दोनदा वाढलं.

लग्न तीन दिवसांचं, पण नवरदेवाला एकच दिवस होता. मंगळवारी उजाडता उजाडता आम्ही पाड्याच्या फाट्यावर उभे होतो, जिथे कंपनीची बस थांबते. रमेशच्या अंगावरची हळद उतरवायची राहिली होती. तो विधी शेवटच्या दिवशीचा. हात पिवळे, गाल पिवळे, मान पिवळी, आणि वर ते पिवळं हेल्मेट. त्याने ते झटकलं तसे आतून अडकलेले दोन-चार तांदूळ रस्त्यावर पडले. मागून सुमित्रा आली, पोरींना घेऊन, हातात भाकरीचा डबा.

बस आली. आत बसलेल्या पोरांनी नवरदेव बघून शिट्ट्या मारल्या. रमेश पायरीवर चढला आणि तिथेच थांबला. मांडवात अजून माणसं जेवायची होती, धवलेरी गात होती, त्याच्याशिवाय पुढचं काही व्हायचं नव्हतं. तो वळून म्हणाला, "नाय जात मी."

सुमित्राने डबा त्याच्या हातात दिला आणि त्याच्या हेल्मेटाचा पट्टा हनुवटीखाली लावला.

"जा," ती म्हणाली. "पयला दिवस हाय तुजा."